फोनमध्ये जागा करताना गेलेले फोटो : एका घरातलं प्रकरण

हे प्रकरण माझ्या शेजारच्या घरातलं आहे. संबंधितांना विचारूनच लिहिते आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. फोटो गेले असं सांगणारे फोन मला अधूनमधून येतात. बहुतेक वेळा गोष्ट सुरू होते ती ‘स्टोरेज फुल’ या सूचनेपासून. इथे कोणत्या क्षणी काय ठरलं आणि त्यातून काय झालं, हे क्रमाने मांडते.

पार्श्वभूमी

काकूंचं वय सत्तरीच्या पुढे, पण फोन त्या सराईतपणे वापरतात. व्हिडिओ कॉल, व्हॉट्सॲप, फोटो, सगळं. फोन ६४ जीबीचा, अँड्रॉइड, दोन वर्षांपूर्वी घेतलेला. त्याआधीचा फोन तीन वर्षं वापरून झाल्यावर कपाटाच्या खणात पडून होता.

नवा फोन आला तेव्हा जुन्यातले फोटो केबलने किंवा कार्डाने नव्यात आणले गेले नव्हते. त्याच गूगल खात्याने लॉगिन केलं, गूगल फोटोज उघडलं आणि तीन वर्षांचे फोटो समोर दिसायला लागले. ‘फोटो आले’ असं घरातल्या सगळ्यांनी धरून चाललं. खरं तर ते आले नव्हते, नुसते दिसत होते. फोटो होते खात्यात, म्हणजे क्लाउडवर. फोन त्यांची छोटी चित्रं दाखवायचा आणि एखाद्यावर बोट ठेवलं की मोठा फोटो नेटवरून आणायचा. आलेल्या आणि दिसणाऱ्या फोटोंमधला हा फरक कोणी काकूंना सांगितला नव्हता, आणि सांगायचं कारणही दोन वर्षं पडलं नाही.

आणखी एक गोष्ट. काका अडीच वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या शेवटच्या वर्षातले फोटो आणि व्हिडिओ सगळे जुन्या फोनने काढलेले.

अडचण

फोन भरला. आधी सूचना यायची आणि काकू ती बाजूला सारायच्या. मग व्हॉट्सॲपवर आलेला फोटो उघडेना आणि एके दिवशी कॅमेऱ्यानेच नवा फोटो साठवायला नकार दिला. त्या संध्याकाळी पुतण्या आला होता. तो म्हणाला, “काकू, आण इकडे, पाच मिनिटांत जागा करून देतो.”

त्याने जे केलं त्याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. प्रत्येक पायरीला त्याच्या डोक्यात एक तर्क होता. गूगल फोटोजमध्ये वर ‘बॅकअप पूर्ण’ असं दिसत होतं. म्हणजे फोटो क्लाउडवर सुरक्षित आहेत, मग फोनवरचे काढायला हरकत नाही. सुरुवात जुन्यांपासून करू, कारण ते रोज कोण बघतं? त्याने सगळ्यात आधीची तीन वर्षं निवडली आणि डिलीट केली. ॲपने विचारलं होतं की हे फोटो खात्यातून आणि जोडलेल्या इतर उपकरणांवरूनही जातील. ते वाक्य त्याने वाचलं नाही. अशी वाक्यं आपण रोज दहा वेळा न वाचता पुढे ढकलतो.

जागा वाढली नाही. वाढणार कुठून? ती तीन वर्षं फोनवर नव्हतीच. पुतण्याला वाटलं, डिलीट केलेलं अजून ट्रॅशमध्ये पडलंय म्हणून जागा अडलेली असेल. हा तर्कही चुकीचा नाही, कारण फोनवरचे फोटो ट्रॅशमध्ये असेपर्यंत जागा खातातच. त्याने ट्रॅश रिकामा केला. आकडा तरीही हलला नाही. मग त्याने अलीकडचे काही फोटो आणि व्हिडिओ काढले, पण तेवढ्यात त्याला निघावं लागलं. दुसऱ्यांदा ट्रॅश रिकामा करायचा राहून गेला. हे राहून जाणंच पुढे उपयोगी पडलं.

दोन दिवसांनी काकू काकांचा एक फोटो शोधायला गेल्या आणि त्यांना तीन वर्षं सापडेनात.

पहिला तास

मी गेले तेव्हा काकूंच्या हातात फोन होता आणि त्या एकेक ॲप उघडून बघत होत्या. पहिला निर्णय एवढाच घेतला की आता फोनला कोणी हात लावायचा नाही. वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्ही बंद केले. आपण फोन वापरत राहतो तेव्हा मागे काही ना काही साठत असतं, खात्याशी जुळवाजुळव चालू असते, आणि नेमकं काय कुठे आहे हे कळेपर्यंत ती चालू राहू नये असं मला वाटलं.

मग प्रश्न विचारले. कोणी काय केलं, कोणत्या क्रमाने? जुना फोन विकला की घरात आहे? कधी संगणकावर फोटो उतरवले होते का? कोणाला फोटो पाठवायची सवय आहे? पुतण्यालाही फोन केला. त्याला आधी सांगितलं की दोष द्यायला फोन केलेला नाही, मला फक्त क्रम हवाय. तो घाबरून दोन पायऱ्या गाळेल ही भीती होती. त्याने सगळं नीट सांगितलं, ट्रॅश रिकामा केल्याचंही. तो क्रम कळला नसता तर आम्ही भलत्याच ठिकाणी शोधत बसलो असतो.

पुढे जाण्याआधी काकूंना एक गोष्ट कागदावर काढून दाखवली, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे होते. एक चौकोन फोनचा, एक ढग खात्याचा, मधे दोन्हीकडे टोक असलेला बाण. सिंक म्हणजे हा बाण. इकडे फोटो आला तर तिकडे जातो, आणि इकडून काढला तर तिकडूनही निघतो. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत, पहिलीला काही झालं तरी हलू नये अशी. गूगल फोटोज बॅकअप घेतं हे खरं, पण ॲपमधलं साधं डिलीटचं बटण बाणासारखं वागतं. काकू म्हणाल्या, “मग तो ढग म्हणजे कपाट नाहीच, आरसा आहे.” त्यांची उपमा पूर्ण बरोबर नाही, पण अर्ध्याहून जास्त बरोबर आहे.

कोणते पर्याय होते

ट्रॅश तर बघायचाच होता. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केल्यावर ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, आणि बॅकअप न झालेला, फक्त फोनवरचा फोटो ३० दिवस. आयफोनवर आयक्लाउड फोटोजचं वागणं असंच दुहेरी आहे. एका उपकरणावर काढला की सगळीकडून जातो आणि ‘अलीकडे हटवलेले’ मध्ये साधारण ३० दिवस मिळतो. पण ट्रॅश मुद्दाम रिकामा केला की ही मुदत संपते. म्हणजे इथून मिळालं तर फक्त दुसऱ्या खेपेचं मिळणार होतं, काकांचे फोटो नाहीत.

दुसरा पर्याय काकूंच्या भाच्याने फोनवरून सुचवला होता : ‘डिलीट झालेले फोटो परत आणा’ म्हणणारं एखादं ॲप. मी नाही म्हटलं, आणि कारणं सांगितली. एक, हवे असलेले फोटो या फोनवर कधी नव्हतेच, तर फोन खणून ते सापडणार कसे? दोन, आजच्या अँड्रॉइड फोनमध्ये प्रत्येक फाइल एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात, ठेवलेली असते आणि पुसलेली जागा फोन स्वतःच साफ करून टाकतो. त्यामुळे अशी ॲप बहुधा आधीपासून असलेली छोटी चित्रंच ‘सापडली’ म्हणून दाखवतात. तीन, खोलवर शोधण्यासाठी फोन रूट करावा लागतो, म्हणजे त्याच्या आतल्या सगळ्या भागांची मुभा मिळवावी लागते, आणि त्यासाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) उघडला की बहुतेक फोनवरचा सगळा डेटा पुसला जातो. चार, अशा अनोळखी ॲपला फोटो, फाइली, संपर्क यांची परवानगी द्यायची, हे वेगळंच संकट. फोटो गेल्याच्या हळहळीत माणूस कशालाही हो म्हणतो. म्हणून हे त्याच वेळी, ठामपणे सांगावं लागतं.

मग उरला खणातला जुना फोन, आणि ज्यांना काकूंनी फोटो पाठवले होते ती माणसं. माझी सगळी भिस्त जुन्या फोनवर होती, आणि त्याला हात लावायचीच मला सगळ्यात जास्त धास्ती होती.

काय केलं

आधी ट्रॅश. संगणकावर काकूंच्या खात्यात जाऊन बघितलं. दुसऱ्या खेपेचे सुमारे चारशे फोटो आणि व्हिडिओ तिथे होते. ते रिस्टोअर केले, झटपट आले. त्यात अर्धा तासही गेला नाही.

जुना फोन सावकाश हाताळला. त्याच्यावर तेच गूगल खातं होतं. चालू होताच तो घरच्या वायफायला आपोआप जोडला जाणार, कारण पासवर्ड त्याच्या लक्षात असतो. आणि जोडला गेला की त्याला कळणार की खात्यातून तीन वर्षं काढली आहेत. अशा वेळी गूगल फोटोज विचारू शकतं की या उपकरणावरच्या प्रतीही काढायच्या का. एक चुकीचं बोट पडलं की शेवटची प्रत गेली. म्हणून फोन चालू करण्याआधी त्यातलं सिम काढलं आणि घरचा राउटर भिंतीपाशी जाऊन बंद केला. घरातल्या बाकीच्यांना सांगितलं की कोणी हॉटस्पॉट चालू करू नका.

दोन वर्षं पडून असलेल्या फोनची बॅटरी फुगलेली असू शकते. मागचं कव्हर काढून, फोन टेबलावर आडवा ठेवून तो सपाट बसतो का पाहिलं. फुगवटा असता तर चार्जरला लावलाच नसता, दुरुस्तीवाल्याकडे नेला असता. सपाट होता. चार्जिंगला लावल्यावर वीस-पंचवीस मिनिटं काहीच दिसलं नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीला तेवढा वेळ लागतो, पण काकूंच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मग चिन्ह दिसलं.

चालू झाल्यावर फोनने पॅटर्न मागितला. बंद करून चालू केलेला फोन पहिल्यांदा बोटाचा ठसा चालवून घेत नाही, पॅटर्न किंवा पिनच लागतो. काकूंना पॅटर्न आठवेना. वारंवार चुकलं की फोन दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढवत नेतो, म्हणून अंदाजाने चाळे नकोत असं ठरवलं. मी त्यांना म्हटलं, “काकू, आठवू नका. फोन हातात धरा, पूर्वी धरायचात तसा, आणि दुसरीकडे बघत बोट फिरवा.” त्यांनी फोन डाव्या हातात घेतला, खिडकीबाहेर पाहिलं, आणि उजव्या अंगठ्याने एक वळण काढलं. फोन उघडला. डोक्याने सोडलेली गोष्ट अंगठ्याने धरून ठेवली होती.

पहिलं काम विमान मोड लावण्याचं. मग केबल. पहिल्या केबलने फोन नुसता चार्ज होत राहिला, संगणकाला तो दिसेना. काही केबली फक्त वीज वाहतात, त्यांच्यात डेटाच्या तारा नसतात. दुसरी केबल लावली, फोनच्या सूचनापट्टीत जाऊन ‘फाइल ट्रान्सफर’ निवडलं, तेव्हा संगणकावर फोन दिसला. कॅमेऱ्याने काढलेले फोटो जिथे साठतात ते डीसीआयएम फोल्डर उघडलं, त्यात कॅमेरा, आणि त्यात फोटो होते.

कट करून पेस्ट करायचं नाही, कॉपीच करायची, हे मी स्वतःलाही मोठ्याने सांगितलं. कॉपी अर्ध्यावर तुटली तर कट केलेल्या फाइली दोन्हीकडून जाण्याची भीती असते. कॉपी झाल्यावर दोन्हीकडचे आकडे जुळवले, आणि सुरुवातीची, मधली, शेवटची अशी दहा-बारा चित्रं आणि चार व्हिडिओ प्रत्यक्ष उघडून पाहिले. आकडा जुळला म्हणजे फाइल धड आहे असं नसतं. लगेच एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवरही घेतली.

पण कॅमेरा फोल्डरमध्ये फक्त शेवटचं दीड वर्ष होतं. आधीचं दीड वर्ष गायब. जुना फोनही मधे कधीतरी भरला होता आणि तेव्हा कोणीतरी ‘जागा मोकळी करा’ हे बटण दाबलं होतं. ते बटण आपलं काम चोख करतं : खात्यात पोहोचलेले फोटो तपासून फक्त फोनवरून काढतं. पण त्या दिवसापासून खात्यातली प्रत ही एकमेव प्रत झाली होती. ज्याला सगळे बॅकअप समजत होते ती आता मूळ प्रत होती, आणि तिला बॅकअप नव्हता. माझ्या मते या प्रकरणाचं मूळ पुतण्याच्या संध्याकाळी नाही, त्या विसरलेल्या दिवशी आहे.

इथे माझी एक चूक झाली. मी फक्त डीसीआयएम कॉपी करून थांबले, फोन बंद करून खणात ठेवला. तीन दिवसांनी लक्षात आलं की ‘जागा मोकळी करा’ बॅकअप झालेल्याच फोटोंना हात लावतं, आणि काकूंच्या गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू होता तो कॅमेरा फोल्डरचा. व्हॉट्सॲपच्या फोल्डरचा बॅकअप वेगळा चालू करावा लागतो, तो त्यांनी कधी केलेला नव्हता. म्हणजे व्हॉट्सॲपचं फोल्डर त्या साफसफाईतून सुटलेलं असणार. राउटर पुन्हा बंद केला, फोन उघडला. व्हॉट्सॲप, त्यात मीडिया, त्यात इमेजेस, त्यात ‘सेंट’ नावाचं फोल्डर. काकूंनी पाठवलेला प्रत्येक फोटो तिथे बसलेला होता, हरवलेल्या दीड वर्षाचेही.

हे फोटो मूळ दर्जाचे नाहीत. व्हॉट्सॲप पाठवताना फोटो लहान करतं आणि त्यातली तारीख-ठिकाणाची नोंदही काढून टाकतं. पण फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस असे आठ आकडे असतात. ती तारीख फोटो पाठवल्याची असते, काढल्याची नव्हे, तरी काकूंना लावून घ्यायला तेवढी पुरली. या वेळी मात्र आख्ख्या फोनची साठवण जशीच्या तशी उतरवून घेतली.

आणि जागेचं काय?

मूळ तक्रार तर फोन भरल्याची होती. सेटिंग्जमध्ये स्टोरेजचं पान उघडलं तेव्हा एकट्या व्हॉट्सॲपने सुमारे २२ जीबी घेतली होती. काकूंनी स्वतः काढलेले फोटो आणि व्हिडिओ त्याच्या निम्मेही नव्हते. हे पान आधी उघडलं असतं तर एकाही घरच्या फोटोला हात लावायची वेळ आली नसती.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’, त्यात ‘स्टोरेज व्यवस्थापित करा’. तिथे अनेकदा फॉरवर्ड झालेलं आणि ५ एमबीपेक्षा मोठं, असे दोन ढीग वेगळे काढलेले मिळतात, आणि खाली कोणत्या गटाने किती जागा खाल्ली तेही. काकू शेजारी बसल्या आणि त्यांनी स्वतः निवडलं. घरच्या गटातलं एकेक बघून, बाकीच्या गटांतलं सरसकट. दीड तास लागला. सुमारे १७ जीबी मोकळी झाली. मग गटांमधले फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद केलं.

ॲपच्या माहितीत ‘कॅशे साफ करा’ आणि ‘डेटा साफ करा’ ही दोन बटणं शेजारी शेजारी असतात, म्हणून काकूंना तेही दाखवून ठेवलं. पहिल्याने तात्पुरत्या फाइली जातात. दुसऱ्याने ॲप कोऱ्या पाटीवर येतं, लॉगिनसकट.

निष्पत्ती

काकांच्या शेवटच्या वर्षातले फोटो आणि व्हिडिओ मूळ दर्जात मिळाले, कारण ते जुन्या फोनच्या उरलेल्या दीड वर्षात होते. जुन्या फोनमधून एकूण दोन हजारांहून जास्त फाइली आल्या. ट्रॅशमधले चारशे आले. हरवलेल्या पहिल्या दीड वर्षापैकी काकूंनी पाठवलेले तेवढेच मिळाले, लहान आकारात. न पाठवलेले गेले. व्हिडिओ त्या काळातले जवळजवळ सगळे गेले.

आता फोटोंच्या तीन प्रती आहेत : खात्यात, संगणकावर आणि डिस्कवर. डिस्क काकूंच्या घरी नसते, मुलीकडे असते. वर्षातून दोनदा गूगल टेकआउटने खात्यातले फोटो उतरवून डिस्कवर घ्यायचे असं ठरलं आहे. टेकआउट फोटोंचे गठ्ठे करून दुवा पाठवतं आणि तो साधारण आठवडाभरच चालतो, म्हणून ज्या आठवड्यात वेळ आहे त्याच आठवड्यात मागवायचं.

आज करायचं असतं तर

पुतण्याने पहिल्या मिनिटाला एक फोटो उघडून वर सरकवला असता आणि तपशील पाहिला असता, तर कळलं असतं की फोटो फोनवर आहे की फक्त खात्यात. फोनवर प्रत असेल तर तिचा आकार आणि फोल्डर तिथे दिसतं. फोनवरचीच प्रत काढायची असेल तर त्यासाठी ‘डिव्हाइसवरून हटवा’ हा वेगळा पर्याय आहे. साध्या डिलीटने ते काम होत नाही.

दुसरा क्षण ट्रॅशचा. डिलीट करूनही आकडा हलत नसेल, तर आपला समज चुकतोय याची ती खूण आहे. तिथे आणखी जोराने पुढे जायचं नाही, थांबायचं. मी लोकांना सांगते की एखादा दिवस जाऊ दे, फोटो नेहमीच्या ठिकाणी शोधून बघ, मगच ट्रॅशकडे वळ. ६० दिवसांची मुदत त्यासाठीच आहे.

‘बॅकअप पूर्ण’ या शब्दांवरही मी पूर्वीइतकी विसंबत नाही. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजवरचे नवे फोटो १५ जीबीच्या मोफत जागेत मोजले जातात, आणि तीच जागा जीमेल आणि ड्राइव्हलाही लागते. ती भरली की बॅकअप थांबतो. काकूंचा थांबलेला नव्हता, पण दोन-अडीच जीबीच शिल्लक होती. आयक्लाउडची मोफत जागा तर ५ जीबीच आहे.

माझ्या बाजूने, जुना फोन हाती आल्यावर पहिल्याच दिवशी सगळं उतरवायला हवं होतं. त्या तीन दिवसांत कोणी तो फोन राउटर चालू असताना सहज म्हणून उघडला असता तर काय झालं असतं, हा विचार अजून येतो.

पुतण्या मधे येऊन गेला. काकूंनी त्याला तो चौकोन आणि ढग काढलेला कागद दाखवला, आणि डिस्कवरचे काकांचे व्हिडिओ दोघांनी मिळून पाहिले. काकूंच्या बहिणीकडे एक जुना लॅपटॉप आहे. त्याच्यावर कधीकाळी काही व्हिडिओ उतरवल्याचं तिला आठवतंय. पुढच्या भेटीत तो उघडायचा आहे, आधी वायफाय बंद करून.